पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांनाच मिळते

१ सप्टेंबर २०२५ पासून भारतीय टपाल खात्याने 'नोंदणी टपाल' ही आपली जुनी सेवा 'स्पीड पोस्ट'मध्ये विलीन केली. नोकरीचा हुकूम, न्यायालयाची नोटीस, सावकाराचा तगादा आणि बहिणीची राखी ह्या सर्वांना ज्या एका शब्दाने सारखीच प्रतिष्ठा दिली होती, तो 'रजिस्टर' हा शब्द त्या दिवशी टपालघराच्या खिडकीवरून उतरला. चार दिवस हळहळ व्यक्त झाली आणि विषय मिटला. त्याआधी जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली होती. १८८० पासून चालत आलेली कागदी फॉर्मावरची मनिऑर्डर २०१५ मध्ये थांबली. परदेशातही हेच चालले आहे. डेन्मार्कच्या टपालसेवेने चारशे वर्षांच्या परंपरेनंतर २०२५ च्या अखेरीस घरोघरी पत्रे वाटणेच सोडून दिले.

ह्या घटना एका ओळीत मांडल्या की पत्र मेले आणि ते यंत्राने मारले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो निष्कर्ष मला मान्य नाही. आपल्याकडे पत्र पाठविण्याची सोय कोणी काढून घेतलेली नाही. पोस्टकार्ड गेली वीसहून अधिक वर्षे पन्नास पैशांनाच मिळते, आंतर्देशीय पत्र अडीच रुपयांना. तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा येथील टपालघरे सकाळी वेळेवर उघडतात. पन्नास पैशांचे नाणे कायद्याने चलनात असले तरी व्यवहारात कोणी हाती धरत नाही. त्यामुळे पोस्टकार्डे जोडीने घ्यावी लागतात, एवढीच काय ती अडचण. माल बाजारात आहे, किंमत नगण्य आहे, दुकान जवळ आहे, आणि तरीही मागणी नाही. अर्थशास्त्राच्या शिक्षकाला अशी स्थिती दिसली की त्याने कारण पुरवठ्यात शोधू नये, गिऱ्हाइकात शोधावे.

किमतीचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे. १८४० साली इंग्लंडात रोलंड हिल ह्यांच्या आग्रहावरून एक पेनीचे टपाल सुरू झाले. तोपर्यंत पत्राचे दाम अंतरावर ठरत आणि ते बहुधा घेणाऱ्याने मोजायचे असत. त्यामुळे गरीब माणसे पाकिटावर ठरलेली खूण करून पाठवीत; घेणारा खूण पाही, खुशाली समजून घेई आणि पत्र न घेताच परत करी. आपल्या 'मिस्ड कॉल'चा हा पणजोबा! हिल ह्यांनी हिशेब मांडला, की पत्राची वाहतूक फारशी महाग नसते; महाग असते ती प्रत्येक पत्राची आकारणी, नोंद आणि वसुली. म्हणून अंतर विसरा, दाम एकच ठेवा आणि आधी घ्या. हिंदुस्थानात १८५४ साली पाव तोळ्याच्या पत्राला देशात कोठेही अर्धा आणा असा दर ठरला, आणि १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे, पोस्टकार्ड आले. एक पैसा ही रक्कम क्षुल्लक नव्हे हे आम्हा मावळातल्या लोकांना तरी सांगावयास नको. माणशी वर्षाला एक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या 'पैसा फंडा'तूनच १९०८ साली तळेगावात काचेचा कारखाना निघाला.

सांगायचे ते असे, की स्वस्ताईने पत्र कधी मारले नाही. स्वस्ताईनेच ते वाढविले. मग आजच्या फुकट निरोपाने ते का संपावे? ह्याचे उत्तर असे, की स्वस्त आणि फुकट ह्यांत प्रमाणाचा नव्हे, जातीचा फरक आहे. एक पैसा पडत होता तोवर माणूस कार्ड लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबत होता. जागा मोजकी होती, उत्तर यायला आठवडा लागणार होता, आणि चुकलेला शब्द परत घेता येणार नव्हता. फुकट निरोपाला ह्यांपैकी एकही कुंपण नाही. जे फुकट असते त्याचे उत्पादन बेसुमार होते. टंचाई मग दुसरीकडे सरकते. १९७८ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले हर्बर्ट सायमन ह्यांनी १९७१ मध्येच दाखवून दिले होते, की माहितीची चंगळ झाली की अवधानाचा दुष्काळ पडतो. पूर्वी लिहिणाऱ्याचा वेळ खर्च होई. आता वाचणाऱ्याचा होतो.

जुलैतल्या एखाद्या रविवारी लोणावळ्याला भुशी धरणाच्या पायऱ्यांपाशी उभे राहून पाहावे. पाऊस असा कोसळत असतो की शेजारच्याचे बोलणे ऐकू येऊ नये. हजारो माणसे प्लॅस्टिकच्या पिशवीत भ्रमणध्वनी गुंडाळून छायाचित्रे घेतात आणि तेथल्या तेथे शंभर जणांना पाठवून देतात. शंभर जण अंगठा उंचावल्याचे चित्र परत पाठवतात. व्यवहार पुरा झाला. त्या पावसाचा वास कसा होता, धुके दरीतून वर आले तेव्हा बरोबरचे म्हातारे गृहस्थ एकाएकी गप्प का झाले, हे कोणी कोणाला कळवीत नाही. छायाचित्र पाठविले की कळविण्याचे कर्तव्य संपले असे वाटते, आणि जे छायाचित्रात मावत नाही ते पाहायचेही हळूहळू सुटते.

तयार मालाची सवय आपल्याला नवीन नाही, हे मान्य केले पाहिजे. अभिनंदनाच्या तारेला क्रमांक असत. लग्नाला अमुक आकडा, परीक्षेच्या यशाला तमुक आकडा सांगितला की शुभेच्छा रवाना होत. पत्रांनाही साचे होतेच. 'तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष', 'इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेमकुशल कळवावे', 'मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद', 'कळावे, लोभ असावा ही विनंती'. ह्या मायन्यांची पुष्कळ थट्टा झालेली आहे. पण गवयाने गाण्यापूर्वी तंबोरा जुळवून घ्यावा तसा मायन्याचा उपयोग होता. तेवढ्या चार ओळींत हात सैल होई, समोर कोण आहे ह्याचे भान येई, आणि मग लिहिणारा मुद्द्यावर येई. कित्येकदा तो मुद्द्यावर येतच नसे. आंतर्देशीय पत्राच्या तिन्ही घड्या पीकपाणी आणि प्रकृती ह्यांत भरून जात, आणि ज्यासाठी पत्र लिहायला घेतले ती गोष्ट समासात, आडव्या ओळीत, 'ता. क.' म्हणून उतरे. 'ता. क. धाकटीला पाहावयास पुढल्या रविवारी येणार आहेत, जमल्यास यावे.' मराठी कुटुंबाचा स्वभाव कोणाला अभ्यासायचा असेल, तर त्याने ताजा कलम वाचावेत.

लिहिण्याचा आनंद म्हणून जो म्हणतात तो माझ्या समजुतीने ह्या घड्यांमध्ये आहे. पत्र लिहायला बसणाऱ्याला आपल्याला काय म्हणायचे आहे हे पुरतेपणी ठाऊक नसते. दुसऱ्या परिच्छेदाशी ते त्याला कळू लागते. भावाला जाब विचारण्यासाठी घेतलेले पत्र कागद उलटताना निवळते, आणि संपताना त्याच्या मुलाच्या खोकल्याची चौकशी करते. हे निवळणे वाचणाऱ्याला कधीच कळत नाही, ते लिहिणाऱ्याचे खाजगी उत्पन्न असते. तेच भांडण आज भ्रमणध्वनीवर झाले, तर पहिले वाक्य सुटते, त्याचे उत्तर अर्ध्या मिनिटात येते, आणि दोघेही निवळण्याच्या आत गटातून बाहेर पडलेले असतात.

मात्र जुन्या पत्रयुगाचे गोडवे गाणाऱ्यांत सामील होण्यापूर्वी मावळातल्याच दुसऱ्या एका घराकडे पाहणे भाग आहे. मुंबईचे डबेवाले मुख्यतः मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर ह्या भागांतले. गिरण्यांत, बाजारपेठांत, हमालीत येथलीच माणसे गेली. गो. नी. दांडेकर तळेगावला राहिले, आणि त्यांच्या 'माचीवरला बुधा'मधला बुधा मुंबई सोडून राजमाचीला परत आला. पण बहुतेकांना परत येणे परवडण्यासारखे नव्हते. ह्या माणसांचे पत्र म्हणजे मनिऑर्डरच्या फॉर्माच्या तळाशी असलेली मजकुराची अरुंद पट्टी. ती बहुधा दुसऱ्याकडून लिहून घेतलेली असे, आणि गावी ती पोस्टमन किंवा शाळामास्तर वाचून दाखवी. पैसे सासऱ्याच्या नावे, मजकूरही सासऱ्याच्या नावे. दाराआड उभ्या असलेल्या सुनेच्या वाट्याला 'घरातील सर्वांस' ह्या दोन शब्दांतला काय तो हिस्सा येई. नवऱ्याने तिला काही लिहावे, आणि ते मास्तरांनी चारचौघांत वाचावे, हे अशक्यच होते. पोच म्हणून सासऱ्याचा अंगठा मुंबईला जाई. दुखवट्याच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. वाचता न येणाऱ्यालाही तेवढे वाचता येई.

अशा घरात भ्रमणध्वनी आला तेव्हा काही बुडाले असे म्हणणे हा कोडगेपणा होईल. त्या बाईला नवऱ्याशी तिसऱ्या माणसावाचून बोलता आले ते प्रथम त्या यंत्रामुळे. आज नाणे मावळातली आजी नातवाला स्वतःच्या आवाजात निरोप पाठवते, त्यासाठी तिला ना अक्षराची गरज ना मास्तरांची. ज्यांना पत्राने कधी पुरते आपले म्हटलेच नाही, त्यांची पत्र गेल्याने हानी झालेली नाही. हानी झाली ती ज्यांना लिहिता येत होते त्यांची. म्हणजे तुमची-माझी, शिक्षकांची, कारकुनांची, विद्यार्थ्यांची. आणि ती आपली आपण करून घेतली.

लिहिता येणाऱ्यांनी ह्या साधनाचे काय केले होते ह्याची साक्ष फार दूर जाऊन शोधावी लागत नाही. एप्रिल १८७७ मध्ये सावित्रीबाई फुले जुन्नर तालुक्यातील ओतूरला होत्या. तेथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. पत्नीचे पतीला पत्र. पण त्यात दुष्काळाने गाव सोडून जाणारी माणसे आहेत, गुरांचे हाल आहेत, सावकारांची वागणूक आहे. दुष्काळाच्या अर्थशास्त्रावर मी वर्गात जे शिकवतो त्याला सरकारी अहवालांइतकाच हा कागद उपयोगी पडतो. आणि अहवालात जे नसते, ते लिहिणारीचे मनही त्यात आहे.

लोणावळ्यातले उदाहरण निराळ्या प्रकारचे आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली येथे कैवल्यधाम स्थापन केले. १९२७ साली गांधीजींची प्रकृती बिघडली, तेव्हा त्यांनी आसनांबाबत कुवलयानंदांशी पत्रव्यवहार केला. त्यांची ही पत्रे त्यांच्या समग्र वाङ्मयात छापलेली आहेत. पत्रातून उपचार करायचा म्हणजे रोग्याला आधी स्वतःच्या शरीराकडे नीट पाहावे लागते. कोणते आसन किती वेळ केले, त्यानंतर काय वाटले, हे शब्दांत मांडावे लागते. आपण आज तपासणीच्या अहवालाचे छायाचित्र पाठवून मोकळे होतो. आकडे वैद्याला कळतात, पण आपल्याला काय होत आहे हे आपल्याला कळले का, हा प्रश्न राहतोच.

आणि जी. ए. कुलकर्णी. धारवाडला इंग्रजी शिकविणारा हा लेखक माणसांच्या गर्दीपासून कटाक्षाने दूर राहिला, समारंभ टाळत आला. पण सुनीता देशपांडे ह्यांना आणि इतरांना त्यांनी लिहिलेल्या पत्रांचे खंडच्या खंड निघाले. समोरासमोर चार वाक्ये बोलायला अवघडणाऱ्या माणसाला पत्रात एवढी मोकळीक का मिळावी? कारण पत्रात समोरचा माणूस असतो, पण त्याचा चेहरा नसतो. आजच्या निरोपात चेहरा नसतो हे खरे, पण निळ्या खुणा असतात. वाचले की नाही, वाचूनही उत्तर का नाही, हा पहारा सतत चालू असतो. संकोची माणसाला ह्या नव्या साधनाने कोपराच ठेवलेला नाही.

आमच्या महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी एकदा पोस्टकार्डे वाटली आणि घरच्या किंवा ओळखीच्या कोणाही एकाला पत्र लिहावयास सांगितले. विद्यार्थी आंदर, नाणे, पवन अशा तिन्ही मावळांतून येतात. काही लोकलने येतात. पहिली अडचण पत्त्याची आली. निम्म्याहून अधिक मुलांना स्वतःच्या घराचा टपालाचा पत्ता पुरता येत नव्हता. 'लोकेशन पाठवले तर चालेल का' असे एकाने अगदी निरागसपणे विचारले. पिन क्रमांकाचे सहा अंक १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्याबरोबर आहेत, पण ते त्यांना ठाऊक होते ते केवळ मालाची मागणी नोंदवताना भरायचा रकाना म्हणून. दुसरी अडचण अधिक गंभीर होती. तीन ओळी झाल्यावर बहुतेकांचे हात थांबले. शब्द अडले म्हणून नव्हे. पलीकडून काही उत्तर आल्याशिवाय पुढे कसे बोलायचे हे त्यांना उमगेना. बोलण्याची त्यांना सवय आहे आणि ती चांगलीच आहे. एकट्याने बोलत राहण्याची नाही. एक मुलगी मात्र कार्ड भरून दुसरे मागायला आली. तिने आजोळी लिहिले होते, आणि दुसरे कार्ड 'पुढे चालू' म्हणून हवे होते.

ह्याला मी केवळ भाषेचा प्रश्न मानत नाही. एका बैठकीत, दुसऱ्याच्या टोचणीवाचून, पानभर सलग विचार करता येणे ही परीक्षेच्या उत्तरपत्रिकेसाठी, अर्जासाठी, पंचायतीतल्या तक्रारीसाठी लागणारी शक्ती आहे. ती पूर्वी पत्राने फुकट मिळत होती. आता तिच्यासाठी शिकवण्या लावतात.

आणखी एक हानी आहे. ती आज जाणवत नाही, पन्नास वर्षांनी जाणवेल. १७७९ च्या जानेवारीत येथे वडगावला इंग्रजांना मराठ्यांशी तह करावा लागला. त्या काळाची मराठी बाजू आपल्याला कळते ती प्रामुख्याने पत्रांतून. वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' म्हणून १८९८ पासून जे खंड काढले, वासुदेवशास्त्री खऱ्यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रह' म्हणून पटवर्धनांचे जे दप्तर छापले, ती सारी पत्रेच. बरीचशी कारकुनांच्या हातची! स्वारीची बातमी देता देता ज्याने पाऊसपाणी आणि धान्याची महागाई टिपली, त्या अनाम कारकुनाचे आम्हा अर्थशास्त्र्यांवर मोठे ऋण आहे. सामान्यांच्या पत्रांचेही असेच मोल आहे. टॉमस आणि झ्नानिएत्स्की ह्या दोघा समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेत गेलेल्या पोलिश शेतकऱ्यांची घरची पत्रे जमवून १९१८ पासून एक मोठा ग्रंथ सिद्ध केला. आमच्या डबेवाल्यांच्या आणि गिरणी कामगारांच्या मनिऑर्डरींच्या पट्ट्या वेळीच कोणी अशा जमवून ठेवल्या असत्या, तर मावळचा शंभर वर्षांचा आर्थिक इतिहास त्यांतून लिहिता आला असता. बहुतेक चुलीत गेल्या. पण निदान काही कोठे पत्र्याच्या पेटीच्या तळाशी असतील. आजचे निरोप यंत्र बदलले की जातात, आणि उरतात ते परदेशी कंपनीच्या कोठारात, जेथे इतिहासकाराला प्रवेश नाही.

उपायांबद्दल बोलायचे तर सरकारकडून एकच अपेक्षा आहे. टपाल खात्याच्या काही वर्षांपूर्वीच्या वार्षिक अहवालात एका पोस्टकार्डामागे सुमारे बारा रुपये खर्च आणि पन्नास पैसे उत्पन्न असा हिशेब होता. १८९८ च्या जुन्या कायद्याने पत्रे वाहण्याचा जो अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला होता, तो २०२३ च्या नव्या टपाल कायद्यात राहिला नाही. अधिकार गेला की जबाबदारीही सैल होते, आणि एखाद्या अंदाजपत्रकात कोणी हुशार अधिकारी हा तोटा पुसून टाकील अशी धास्ती वाटते. तो पुसू नये. ज्या पोस्टमनला निवृत्तिवेतन आणि आधारपत्र घेऊन वाडीवर जायचेच आहे, त्याच्या पिशवीत एक कार्ड वाढल्याने सरकारचा खर्च बारा रुपयांनी वाढत नाही. सरासरी खर्च आणि सीमान्त खर्च ह्यांतला हा फरक आम्ही अकरावीच्या मुलांनाही शिकवतो.

बाकीचे काम शाळा-महाविद्यालयांचे आहे. शालान्त परीक्षेत पत्रलेखनाला गुण आहेत. मागणीपत्र, विनंतीपत्र, अभिनंदनपत्र असे प्रकार आहेत. मुले ती पत्रे पाठ करतात, कल्पित व्यवस्थापकाला कल्पित पुस्तकांची मागणी करतात, आणि ती उत्तरपत्रिकेच्या गठ्ठ्यात बांधली जातात. त्याऐवजी वर्षातून सहा पत्रे खऱ्या माणसाला, खऱ्या पत्त्यावर लिहून टपालात टाकावीत अशी अट घालावी. शिक्षकाने ती वाचू नयेत. वाचायची म्हटली की मुले पुन्हा व्यवस्थापकालाच लिहू लागतील. गुण द्यायचे ते पेटीत टाकल्याबद्दल द्यावेत. विद्यार्थ्यामागे वर्षाचा खर्च तीन रुपये येतो. पत्ता चुकला तर पत्र पोचणार नाही, आणि त्यात शिक्षकाने मध्ये पडू नये.